ट्रोल, गवा नाहीतर चकवा खेळायचाय? डीअँडडीसाठी मॉन्स्टर रेस घरी कशी बनवायची

डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून डाइस टाकत गोष्ट खेळायचा गेम, आणि रेस म्हणजे त्यात तुमचं कॅरेक्टर कुठल्या जमातीचं ते. नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू व्हायचं म्हटलं की आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या ग्रुपात एक जण तरी असतोच ज्याला एल्फ नको, ड्वार्फ नको, माणूस तर अजिबातच नको, त्याला ट्रोल पाहिजे. मग डीएम, म्हणजे गेम चालवणारा, दोनपैकी एक करतो. एकतर "नाय जमत" म्हणून विषय कट, नाहीतर मॉन्स्टर मॅन्युअलचं पान उघडून "घे, हेच आकडे शीटवर उतरव" म्हणतो, आणि तिसऱ्या सेशनला बाकीचे चौघे मोबाईल बघत बसलेले असतात कारण सगळी फाईट ट्रोलच मारतोय. आता पोरांना नवीन काय पाहिजे असेल तर द्यायलाच पाहिजे, पण ते द्यायची एक पद्धत आहे. थोडक्यात सांगायचं तर मॉन्स्टरचं एकच काम उचलायचं, ते पहिल्या लेव्हलपासून मनापासून करू द्यायचं, आणि बाकीची पॉवर हप्त्याने द्यायची. आपल्याकडं उसाचं बिल एकरकमी पाहिजे म्हणून रस्ता अडवतात, मॉन्स्टरच्या पॉवरला मात्र हप्तेच बरे.

खाली जे लिहिलंय ते डीअँडडी पाचव्या एडिशनच्या नियमांवर आहे, बहुतेक ग्रुप २०१४ चे नियम धरून खेळतात म्हणून तेच घेतलेत, २०२४ ला जिथं फरक पडलाय तिथं सांगतो.

मॉन्स्टरचं पान जसंच्या तसं का चालत नाही

मॉन्स्टर बनवलेला असतो मरायला. चार जणांची पार्टी येणार, तीन-चार राऊंड मारामारी होणार, विषय संपला. चॅलेंज रेटिंग पण तसंच मोजलंय, सीआर ५ म्हणजे पाचव्या लेव्हलच्या, विश्रांती घेतलेल्या चार जणांना झेपेल असा. खेळाडूचं कॅरेक्टर मात्र दोन दोन वर्षं जगतं. जी पॉवर तीन राऊंडपुरती ठीक वाटते ती दिवसभर, रोज, प्रत्येक दरवाजावर आणि प्रत्येक बाजारात वापरली की काय होतं हे बघायचं असतं.

ट्रोलचंच घ्या. त्याचं रीजनरेशन आहे, दर टर्नच्या सुरुवातीला १० एचपी (जीव मोजायचे पॉइंट) परत, फक्त आग किंवा अ‍ॅसिड लागलं तर पुढच्या टर्नला बंद. मॉन्स्टर म्हणून मस्त, कारण पार्टीला मशाल शोधायला लावतं. आता हेच खेळाडूला द्या. राऊंड ६ सेकंदाचा, मिनिटाला १० राऊंड, म्हणजे फाईट संपल्यावर एक मिनिट शांत उभं राहिलं की १०० एचपी फुकट. ज्या पार्टीत बाकीचे शॉर्ट रेस्टला, म्हणजे छोट्या विश्रांतीत, हिट डाइस (एचपी परत मिळवायचे मोजके डाइस) मोजून मोजून खर्च करतात, बरं करणारा क्लेरिक जादूचा शेवटचा स्लॉट जपून ठेवतोय, त्या पार्टीत हा माणूस कायम फुल. त्याला रेस्टच नको, मग तो दुसऱ्यांना रेस्ट घेऊ देत नाही, "चला की रे, काय बसलाय". भांडण गेममधून टेबलवर येतं ते असं.

मग रीजनरेशन काढून टाकायचं का? नाही, ते काढलं तर ट्रोल कशाला खेळायचा. ते हिट डाइसला बांधायचं. बोनस अ‍ॅक्शनने (टर्नमधल्या छोट्या जादा कृतीने) स्वतःचा एक हिट डाय टाकायचा आणि तेवढे एचपी परत घ्यायचे, पण मागच्या टर्नपासून आग किंवा अ‍ॅसिड लागलं असेल तर नाही. झालं, जखम डोळ्यादेखत भरतीय हे दृश्य तसंच राहिलं, मशालीची भीती राहिली, आणि दिवसाचा हिशोब बाकीच्यांइतकाच राहिला कारण हिट डाइसची संख्या एका लेव्हलच्या सगळ्यांना सारखीच असते. नवीन पॉवर बनवण्यापेक्षा गेममध्ये आधीच असलेल्या मर्यादित वस्तूला जोडणं, म्हणजे हिट डाइस, रिअ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती), हे नेहमी सोपं आणि सुरक्षित पडतं.

उडणाऱ्या रेसचं पण असंच. आराकोक्राला, म्हणजे पक्षी-माणसाला, २०१५ च्या नियमात पहिल्या लेव्हललाच ५० फूट उडता यायचं. लाँगबो १५० फुटापर्यंत नीट मारतो. म्हणजे वर जायचं, बाण मारायचे, खाली भाल्यावाले गॉब्लिन नुसते वर बघत उभे. फ्लाय हा स्पेल, म्हणजे मंत्र, स्पेलच्या हिशोबात तिसऱ्या लेव्हलचा आहे, विझार्डला (जादूगाराला) त्याच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, तर गेमचा स्वतःचाच अंदाज आहे की उडणं हे पाचव्या लेव्हलचं काम. तुमच्या पंखवाल्या मॉन्स्टरला पहिल्या लेव्हलला तरंगत खाली उतरू द्या, पडल्यावर लागणार नाही असं द्या, लांब उडी द्या, आणि पाचव्याला खरे पंख उघडू द्या. त्या दिवशी टेबलवर जो आनंद होतो तो पहिल्याच दिवशी उडणाऱ्याला कधीच मिळत नाही.

जुन्या लोकांनी काय काय करून बघितलंय

हे थोडं वाचून ठेवा, कारण आपण जे नवीन म्हणून शोधतो ते बऱ्याचदा कुणीतरी आधीच करून, फसून, सोडून दिलेलं असतं. १९७४ च्या अगदी पहिल्या डीअँडडीत गेम बनवणाऱ्या गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी लिहूनच ठेवलंय की खेळाडूला जवळपास काहीही खेळू द्या, फक्त सुरुवात कमजोर असली पाहिजे आणि वर चढत जायला पाहिजे. दोन ओळींचा नियम, पण मला विचाराल तर पुढच्या तीस वर्षांत त्याच्यापेक्षा बरं कुणी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या एडिशनने गणित केलं. मॉन्स्टरचे स्वतःचे हिट डाइस अधिक लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट. ओगरचे ४ हिट डाइस, वर २, म्हणजे ओगर झाला की तुम्ही सहाव्या लेव्हलचे, तेही एकही क्लास, म्हणजे फायटर-विझार्ड असलं काम, न घेता. कागदावर बरोबर. खेळताना मात्र त्याच्याकडं सहाव्या लेव्हलचे एचपी नाहीत, स्पेल नाहीत, क्लासची एकही गंमत नाही, नुसती ताकद. ड्रो (एल्फांचीच एक जमात) विझार्ड घेतला तर कायम दोन लेव्हल मागं, बाकी विझार्ड फायरबॉल टाकतोय तेव्हा हा अजून जाळीच विणतोय. पॉवरची किंमत लेव्हलमध्ये घेऊ नका ही शिकवण तिथली.

डीअँडडीतूनच निघालेल्या पाथफाइंडर या गेमने २०१२ ला पॉइंट पद्धत आणली, प्रत्येक गुणाला पॉइंट, १० पर्यंत साधी रेस, २० च्या वर गेली की मॉन्स्टर. हौशी लोकांना लई आवडली आणि लगेच लोकांनी स्वस्तातले पॉइंट शोधून काढले, आता पॉइंट दिसले की माणूस दुसरं काय करणार. मग २०१९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये त्यांनीच रेसचे गुण तुकड्यांत वाटले, १, ५, ९, १३ आणि १७ व्या लेव्हलला एकेक, आणि गॉब्लिन थेट मूळ पुस्तकात खेळाडूंसाठी आला. परत १९७४ लाच आलो की नाही.

पाचव्या एडिशनचा एक प्रसंग कोबोल्ड या छोट्या सरड्यासारख्या प्राण्याचा. २०१६ ला त्याला पॅक टॅक्टिक्स दिलं, शत्रूच्या ५ फुटात आपला साथीदार असला की अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे डाइस) टाकून मोठा घ्यायचा. ११ पाहिजे असेल तर ५० टक्क्यांचे ७५ होतात, सरासरी १०.५ ची १३.८ च्या आसपास जाते. एवढं मोठं दिलंय म्हणून वजा बाजूला उन्हाचा त्रास दिला, थेट उन्हात अटॅकला डिसअ‍ॅडव्हांटेज. बघायला तराजू सरळ. पण कॅम्पेन गुहेत असेल तर कोबोल्ड कायम भारी आणि रस्त्यावर असेल तर कायम वैतागलेला, मधलं काहीच नाही, आणि ठरवणार कोण तर डीएम आज कुठं नेतोय त्यावर. २०२२ ला दोन्ही काढलं आणि त्याजागी एक आरोळी दिली, बोनस अ‍ॅक्शन, जवळच्या शत्रूंवर तुम्हाला आणि तुमच्या साथीदारांना अ‍ॅडव्हांटेज, दिवसातून मोजक्या वेळा. मोजकं झालं हे तर आहेच, पण खरी गोष्ट म्हणजे ते साथीदारांना पण मिळतं. ज्या मॉन्स्टरच्या पॉवरने शेजारच्या खेळाडूचा फायदा होतो त्याच्याबद्दल टेबलवर कधीच कुणी कुरकुर करत नाही, हे लक्षात ठेवा.

एक काम शोधायचं म्हणजे काय

इथं वेळ घालवा, आकडे नंतर. मॉन्स्टर डोळ्यासमोर आणा आणि त्याच्याबद्दल एकच क्रियापद लिहा. दोन लिहिले तर एक खोडा.

आपल्याकडं गवा आहे, दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात, नर हजार किलोच्या घरात जातो, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. गवा-माणूस बनवायचा म्हटलं की सगळे पहिल्यांदा काय लिहितात? धडक. शिंगं आहेत ना, मग धडक. ती मिनोटॉरकडं आहे, परत कशाला. खरा गवा बुजरा असतो, माणसांची वर्दळ असेल तिथं रात्रीच चरायला निघतो, आणि धमकी द्यायची झाली तर बऱ्याचदा पहिल्यांदा अंग आडवं करून उभा राहतो, बघ मी केवढा आहे म्हणून. क्रियापद मिळालं, अडवणे. मग गुण असा, बोनस अ‍ॅक्शनने आडवा उभा राहा, पुढच्या टर्नपर्यंत तुमचा वेग शून्य आणि तुमच्या ५ फुटातली जागा शत्रूंना डिफिकल्ट टेरेन, म्हणजे चालायला अवघड. मागं विझार्ड सुरक्षित. धडकेपेक्षा हे कितीतरी वेगळं खेळलं जातं, आणि ज्यानं बनवलं त्यानं गवा बघितलाय हे कळतं.

आकार मात्र मीडियमच ठेवा, कितीही मोह झाला तरी. लार्ज केला की तो १० बाय १० फूट जागा खातो, अरुंद बोळात अर्धी पार्टी मागं अडकते, आणि मोठ्या मॉन्स्टरसारखं हत्यार पण मोठं मागतो, ज्याचे डाइस दुप्पट. अधिकृत सेंटॉर सुद्धा मीडियम आहे, घोड्याचं अंग असून. त्याला वजन उचलताना एक साइज मोठा धरतात, तेवढंच द्या. शीटवर मीडियम, वर्णनात सात फूट, कुणाची तक्रार नाही.

आता चकवा, पहिल्यापासून शेवटपर्यंत

सगळं एका उदाहरणावर करून दाखवतो. चकवा कुणाला सांगायला नको, रात्री ओळखीच्या वाटेनं निघालेला माणूस तिथंच गोल गोल फिरत राहतो, पहाट झाल्यावर बघतो तर गावाच्या बाहेरच. म्हातारी माणसं सांगतात की चकवा लागला तर चालायचंच नाही, आहे तिथं बसून राहायचं. या एका सांगण्यात अख्खं डिझाइन आहे बघा, पॉवर पण आणि तोड पण.

क्रियापद, वाट चुकवणे. पहिला मसुदा असा होईल की तुमच्यापासून ३० फुटातला शत्रू त्याच्या टर्नला चालायला लागला की तुम्ही रिअ‍ॅक्शन (राऊंडला एकदाच मिळणारी उलट कृती) वापरायची, त्याने विस्डम सेव्ह, म्हणजे वाचायचा रोल, करायचा, हुकला तर त्याच्या चालीतले शेवटचे १० फूट कुठं जायचं ते तुम्ही सांगायचं. सेव्हचा आकडा नेहमीसारखा, ८ अधिक प्रोफिशियन्सी (लेव्हलनुसार वाढणारा बोनस) अधिक करिश्माचा बोनस. पहिल्या लेव्हलला प्रोफिशियन्सी २, आणि करिश्मा १६ असेल तर अधिक ३, मिळून १३. समोर साधा गॉब्लिन, विस्डम ८, म्हणजे वजा १, त्याला डी२० वर १४ किंवा जास्त पाहिजे, १०० पैकी ६५ वेळा हुकणार. बरंच आहे, पण नुकसान काहीच नाही, नुसती दिशा बदलतीय, चालेल.

आता हा मसुदा तुमच्या ग्रुपातल्या सगळ्यात खोडसाळ पोराला द्या. प्रत्येक ग्रुपात एक असतो, त्याचा उपयोग इथं करून घ्या. तो पाच मिनिटात सांगेल की फाईट पन्हाळ्यासारख्या गडावर घ्यायची आणि सगळ्यांना कड्यावरून खाली. म्हणून ओळ टाकायची, दिसणाऱ्या धोक्यात नेता येत नाही, म्हणजे कडा, आग, खोल पाणी वगैरे नाही. मग तो दुसरं विचारेल, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे, की चालताना तो माझ्या फायटरजवळून निघून गेला तर फायटरला ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे जवळून निघून जाणाऱ्यावर फुकटचा वार, मिळतो का? नियम असा आहे की दुसऱ्याने ढकललं, म्हणजे तुमची स्वतःची मूव्हमेंट, अ‍ॅक्शन किंवा रिअ‍ॅक्शन खर्च न होता हललात तर अटॅक मिळत नाही. इथं तर तो स्वतःच्याच पायानं, स्वतःच्याच मूव्हमेंटनं चाललाय. म्हणजे अटॅक मिळतो. हे लिहून ठेवलं नाही तर ऐन फाईटमध्ये वीस मिनिटं वाद. माझं मत, मिळू द्या. चकव्याची मजाच ती आहे, शत्रू पळायला बघतोय आणि फिरून फायटरच्या समोरूनच जातोय, मार फायटर देतोय आणि टाळी चकव्याला. साथीदाराला देणारी पॉवर म्हटलं ती हीच.

मोठी पॉवर म्हणून दिवसातून प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा, म्हणजे सुरुवातीला २, पाचव्या लेव्हलला ३, असं आपोआप वाढत जातं, वेगळा तक्ता नको.

आणि तोड? ती आधीच आत आहे. जो चालतच नाही त्याच्यावर चकवा चालत नाही. शहाणा शत्रू जागेवर उभा राहून बाण मारेल, गावातला म्हातारा चक्क मांडी घालून खाली बसेल. डीएमला हे फार आवडतं, कारण गावकऱ्यांना ही तोड माहीत असणं म्हणजे गोष्टच तयार झाली.

हप्ते साधे ठेवा. तिसऱ्या लेव्हलला फॉग क्लाउड दिवसातून एकदा, पाचव्याला मिस्टी स्टेप दिवसातून एकदा. टीफलिंग आणि ड्रो या रेसना पण तिसऱ्या-पाचव्या लेव्हललाच स्पेल मिळतात, त्यामुळं बाकीच्यांच्या मानाने हा पुढं पळत नाही. दोन्ही स्पेल त्याच क्रियापदाशी जुळतात की नाही बघा. धुकं, आणि होता तिथून गायब. कुणीतरी म्हणेल फायरबॉल द्या की, पण चकव्याला फायरबॉल म्हणजे काय, काहीच संबंध नाही.

लहान गुण दोन. अंधारात दिसतं, ६० फूट, हे बहुतेकांना असतंच. आणि स्टेल्थ किंवा डिसेप्शन यातलं एक येतं.

मग एक असा गुण पाहिजे ज्याचा फाईटमध्ये उपयोग शून्य पण लोक तोच लक्षात ठेवतात. डिझाइनवाले त्याला रिबन म्हणतात. चकव्याचं, त्याने काढलेला नकाशा कायम चुकीचा असतो. स्वतः वाट कधीच चुकत नाही, पण दुसऱ्याला पत्ता सांगायला गेला की डावीकडचं उजवीकडं होतं, तोंडून निघतंच तसं, इलाज नाही. इथं कसलाही रोल नको, खेळाडूनेच खेळायचं. हीच त्याची अडचण पण आहे. अडचण अशी द्या जी खेळाडू हसत हसत स्वतःहून वापरेल. "सगळ्या चेकला वजा दोन" असल्या अडचणी कुणी खेळत नाही, नुसत्या विसरतात, आणि आठवल्या की चिडतात.

जात कुठली लिहायची, म्हणजे क्रीचर टाइप

हे एका ओळीचं काम वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. भूत आहे म्हणजे अनडेड लिहून टाका असं वाटतं. थांबा जरा. २०१४ च्या नियमात क्युअर वुंड्स अनडेडवर चालतच नाही, म्हणजे तुमचा क्लेरिक तुम्हालाच बरं करू शकत नाही. शिवाय त्याने टर्न अनडेड, म्हणजे भुतं पळवायची पॉवर, वापरली की समोरची भुतं पळतात आणि सोबत तुम्ही पण पळता. एकदा मजा येते, दुसऱ्यांदा डोक्याला ताप. म्हणून मुंजा, समंध, खवीस, हडळ असलं काही बनवणार असाल तर टाइप ह्युमनॉइड ठेवा आणि मेल्याची खूण गुणात द्या, झोप लागत नाही, डेथ सेव्हला अ‍ॅडव्हांटेज, असं काहीतरी.

चकव्याला फे, म्हणजे परीलोकातला प्राणी, हा टाइप चांगला बसतो. फायदा पण आहे, होल्ड पर्सन, चार्म पर्सन हे फक्त ह्युमनॉइडवर चालतात, याच्यावर नाही, म्हणून त्याला वेगळा रेझिस्टन्स देऊ नका, एवढं बास. युआन-टीचं २०१६ ला काय झालं आठवा, विषाची इम्युनिटी आणि वर सगळ्या जादूविरुद्ध सेव्हला अ‍ॅडव्हांटेज, लोक तो साप आवडतो म्हणून घेत नव्हते, आकडे आवडतात म्हणून घेत होते.

त्यांचं गाव, त्यांची माणसं

२०१६ ला ऑर्कला इंटेलिजन्स वजा दोन होतं, कोबोल्डला स्ट्रेंग्थ वजा दोन. पुढं ते काढलं, आणि २०२४ मध्ये तर शब्द रेस जाऊन स्पिसीज आला, आणि आकड्यांची वाढ बॅकग्राउंडमधून मिळते, म्हणजे तुम्ही काय काम करत वाढलात त्यावरून. काही जणांना हे पटत नाही, मला पटतं. अख्खी जमात मठ्ठ किंवा अख्खी जमात दुष्ट लिहिली की खेळाडूला खेळायला काय उरतं? एकतर तो त्या जमातीतला एकुलता एक चांगला, नाहीतर दुष्ट. दोनच गोष्टी, दोन्ही शंभरदा झालेल्या.

आपल्या गावाचंच बघा की. करवीर माहात्म्यातला कोल्हासुर राक्षस, देवीने मारला, पण मरताना त्याने मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे, आणि देवीने ते दिलं. राक्षस हरलाय, मेलाय, आणि तरी त्याला काहीतरी पाहिजे होतं आणि ते मिळालं. ज्या मॉन्स्टरला काय पाहिजे हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं तो खेळता येतो. नुसतं "रक्त पाहिजे" याच्यात सेशन दोनच्या पुढं काही नाही.

चकव्याला काय पाहिजे? त्याला स्वतःला कुठं जायचं नसतं, त्याला वाटसरू लागतो. म्हणून तो पार्टीसोबत आहे, आणि "हा माणसांबरोबर का फिरतोय" या प्रश्नाचं उत्तर पण आलं, जे प्रत्येक मॉन्स्टर रेसमध्ये पहिल्या पानावर असायलाच पाहिजे. मग त्या जमातीत एका गोष्टीवरून दोन मतं ठेवा. एक घराणं म्हणतं वाटसरूला पहाटे सोडायचंच, तो पाहुणा आहे. दुसरं म्हणतं जो स्वतःहून आमच्या रानात आला तो आमचा. खेळाडू यातलं एक निवडेल किंवा दोघांशी भांडेल, दोन्ही चालतं.

गावात प्रवेश हा डीएमशी आधी बोलायचा विषय. दर गावाच्या वेशीवर रखवालदार ओरडणार, दगड मारणार, असं असेल तर दर सेशनची पहिली चाळीस मिनिटं एकाच कॅरेक्टरवर जातात आणि बाकीचे वडापाव आणायला जातात. कधीतरी व्हावं, रोज नको. माझा आवडता उपाय म्हणजे जगात एखादी मोठी जत्रा ठेवायची जिथं सगळ्या जमाती येतात आणि जत्रेच्या दिवसांत कुणी कुणावर हत्यार उचलत नाही. तिथं कॅम्पेन सुरू करायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, त्या गर्दीत शिंगं असलेला कुणाला दिसतोय.

टेबलवर घालून बघा

एक पान प्रिंट काढा, एकच. दुसऱ्या पानावर जायला लागलं म्हणजे काहीतरी जास्त झालंय. मग एक छोटं सेशन घ्या ज्यात तीन प्रसंग पाहिजेतच, एक फाईट, एक बाजारातली घासाघीस, आणि एक रात्रीचा प्रवास. पहिल्या लेव्हलला एकदा आणि पाचव्याला एकदा. पाचवी यासाठी की क्लासला तिथं मोठी उडी मिळते, एक्स्ट्रा अटॅक येतो, तिसऱ्या लेव्हलचे स्पेल येतात, तेव्हा तुमची रेस झाकोळते का ते दिसतं.

नंतर मत विचारा, पण ज्याने ती रेस खेळली त्याला नको, तो खूशच असणार. शेजारच्याला विचारा, "तुला किती वेळा वाट बघायला लागली?" आणि डीएमला विचारा की या रेसमुळं कुठला प्रसंग बदलून लिहायला लागला का. एखाद्या प्रसंगात त्या गुणाने सगळं फुकटात सुटलं, तर गुण मोठा आहे. तिन्ही प्रसंगात गुण आठवलाच नाही, तर आकडा वाढवू नका, ट्रिगर बदला, म्हणजे तो कधी वापरता येतो ते. बऱ्याचदा गुण छान असतो आणि संधीच येत नाही. चकव्याची रिअ‍ॅक्शन "शत्रू जवळ आला की" अशी ठेवली असती तर क्वचित वापरली गेली असती, "चालायला लागला की" ठेवली म्हणून दर राऊंडला विचार करायला लागतो.

इंटरनेटवर टाकणार असाल तर एवढं बघा. पाचव्या एडिशनचा एसआरडी ५.१, म्हणजे मूळ नियमांचा मोकळा संग्रह, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा आहे, श्रेय देऊन त्यातले नियम वापरता येतात, ट्रोल, गॉब्लिन, मिनोटॉर, अगदी राक्षस नावाचा त्यांचा वाघतोंड्या उलट्या तळहाताचा प्राणी सुद्धा त्यात आहे. बिहोल्डर, माइंड फ्लेयर, युआन-टी हे मात्र त्यात मॉन्स्टर म्हणून दिलेले नाहीत, त्यांची रेस घरी बिनधास्त खेळा पण विकायला जाऊ नका. चकवा, गिऱ्हा, झोटिंग, जखीण यांच्यावर कुणाचाच हक्क नाही, लागेल तेवढं घ्या.

चकव्याचं पान, उतरवून घ्यायला

टाइप फे, आकार मीडियम किंवा स्मॉल, वेग ३० फूट, अंधारात ६० फूट दिसतं. स्टेल्थ किंवा डिसेप्शन यातलं एक. वाट चुकवणे: ३० फुटात दिसणारा शत्रू आपल्या टर्नला चालायला लागला की रिअ‍ॅक्शन, विस्डम सेव्ह ८ अधिक प्रोफिशियन्सी अधिक करिश्मा, हुकला तर त्या चालीचे शेवटचे १० फूट तुमच्या मर्जीने, दिसणाऱ्या धोक्यात नाही, ऑपॉर्च्युनिटी अटॅक लागू, लाँग रेस्टपर्यंत प्रोफिशियन्सीइतक्या वेळा. तिसऱ्या लेव्हलला फॉग क्लाउड, पाचव्याला मिस्टी स्टेप, दोन्ही लाँग रेस्टला एकदा, करिश्मावर. उलटा पत्ता: स्वतः वाट चुकत नाही, पण सांगितलेला रस्ता आणि काढलेला नकाशा कायम चुकीचा. २०१४ चे नियम असतील तर करिश्मा अधिक दोन आणि दुसरं कुठलंही एक अधिक एक, २०२४ चे असतील तर ही शेवटची ओळ खोडा, ते बॅकग्राउंड बघून घेतं.